बुटातलं गवत

थेट उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या उम्मानाकच्या वरच्या आळीत, जिथून बंदरात शिरणारी प्रत्येक होडी दिसते, तिथं बोलेट्टेचं निळं घर आहे. गावात कातडी बूट शिवणाऱ्या आता तीनच बाया उरल्या आहेत. त्यांतल्या दोघींना बोलेट्टेनंच शिकवलं. हे ती आपणहून सांगत नाही, पण त्या दोघी विसरल्या तर आठवण करून देते.

सीलचं कातडं खरवडून, ताणून, थंडीत वाळवून झालं की तळव्याचं जाड कातडं दातांनी चावून मऊ करावं लागतं. त्याशिवाय बुटाच्या टोकाला चुणी पडत नाही. सदुसष्टाव्या वर्षी बोलेट्टेच्या पुढच्या दातांची नुसती खुंटं राहिली होती. कुणी त्याबद्दल बोललं की ती म्हणायची, "माझे दात कुठं गेले नाहीत. गावभर फिरतायत लोकांच्या पायांत."

ती उम्मानाकची नव्हे. तिचा जन्म सिओरालिकचा. होडीनं उत्तरेला दीड दिवस गेलं की एका वाळूच्या वळणावर सात घरं होती, एक दुकान होतं आणि वर चढावर दगडांच्या राशी होत्या. जमीन गोठलेली असते, खणता येत नाही, म्हणून मेलेल्या माणसावर दगडच रचतात. बोलेट्टे अकरा वर्षांची असताना तिची आई, रेगीने नावाची, खोकून खोकून गेली आणि त्या चढावर शेवटची रास तिची झाली. त्या हिवाळ्यात आई लेकीसाठी बूट शिवत होती आणि शिवता शिवता शिकवत होती. "टाका कातड्याच्या अर्ध्या जाडीतून फिरव. सुई पलीकडे दिसली की पाणी आत आलंच म्हणून समज." उजवा बूट पुरा झाला. डावा अर्धा राहिला, तो शेजारणीनं शिवला.

पुढच्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला की एवढ्याशा वस्तीसाठी दुकान आणि शाळा चालवणं परवडत नाही, सगळ्यांनी गावात यावं. बोलेट्टे बापाचा हात धरून जहाजात चढली तेव्हा तिचा डावा पाय ओला होता. शेजारणीची सुई पलीकडे गेली होती.

त्यानंतर ती सिओरालिकला गेली नाही. नवऱ्याची होडी लहान आणि मधला समुद्र मोठा. मग नवरा गेला. मुलगा ओट्टो मोठ्या मासळीच्या मागे; त्याला उन्हाळ्यात श्वास घ्यायला सवड नसे. "जाऊ पुढच्या उन्हाळ्यात," असं म्हणता म्हणता छप्पन्न उन्हाळे गेले.

पण आई तिला परत मिळाली होती. इकडे मेलेल्या माणसाचं नाव नव्या जन्मलेल्या मुलाला देतात आणि नावाबरोबर माणूसही परत येतं. बोलेट्टेला तीन मुलगे झाले, त्यामुळे आईचं नाव बरीच वर्षं तसंच थांबून राहिलं. मग ओट्टोला मुलगी झाली. तिचं नाव रेगीने ठेवलं, आणि पाळण्यातल्या त्या लाल मुठीकडे बघून बोलेट्टे म्हणाली, "आलीस का गं आई?" तेव्हापासून ती नातीला आई म्हणायची आणि नात आजीला पोरी. चार वर्षांची रेगीने कमरेवर हात ठेवून सांगायची, "पोरी, केस विंचर. भूत दिसतेस." आणि बोलेट्टे मुकाट्यानं विंचरायची. घरात आलेल्या मांसाचा पहिला तुकडा रेगीनेचा. दुकानात कुणी विचारलं, "बोलेट्टे, आज आई कुठंय?" तर उत्तर यायचं, "शाळेत गेलीय."

रेगीने बावीस वर्षांची झाली आणि तिला जहाजावर नोकरी लागली. उन्हाळ्यात दूरदेशीचे पाहुणे घेऊन बर्फातून उत्तरेला जाणारी ही जहाजं. त्यांतल्या एकावर पाहुण्यांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या टोळीत तिला घेतलं. मार्च महिन्यात ती धापा टाकत वर आली.

"पोरी, बस. सांगायचंय."

"उभ्यानं सांग आई, कातडं ताणतेय."

"यंदा आमचं जहाज सिओरालिकला थांबणारे. तिथं राहिलेलं कुणीतरी हवंय त्यांना, पाहुण्यांना सांगायला. मी तुझं नाव दिलंय."

बोलेट्टे खाली बसली. कातडं तसंच हातात राहिलं.

त्याच आठवड्यात तिनं स्वतःसाठी बूट शिवायला धरले. पंधरा वर्षांत तिनं स्वतःसाठी काही शिवलं नव्हतं. सगळ्यात चांगलं कातडं बाजूला काढलं, देवमाशाच्या पाठीची शीर सोलून दोरा केला. हल्ली बाकीच्या बाया दात कोरायच्या दोऱ्यानं शिवतात, तो मजबूत असतो. पण शीर भिजली की फुगते आणि भोक बुजवते, दात कोरायचा दोरा तसं करत नाही. आतला मोजा केसाळ कातड्याचा, केस आतल्या बाजूनं. टाके एवढे बारीक की ओट्टो चष्मा लावून बघू लागला.

"कुणाला दाखवायचेत एवढे?" तो म्हणाला. "पाहुणे तुझे टाके मोजणारेत का?"

"पाहुण्यांना कशाला?" बोलेट्टे म्हणाली. "आईनं अर्ध्यात सोडलं होतं ना शिकवायचं. तिला बघू दे, तिच्या पोरीला शिवता येतं."

तिला एवढंच हवं होतं. हे बूट घालून त्या दगडांसमोर उभं राहायचं. आता तुम्ही म्हणाल, आई तर घरातच नातीच्या रूपानं वावरत होती. तसं बोलेट्टेलाही कुणी म्हणालं होतं. ती म्हणाली, "नाव इथं आलंय. हाडं तिथंच आहेत. दोन्हीकडे बघायला नको?"

जुलैत जहाजवाल्यांची यादी आली, पाच पानांची. सोबत एक अर्ज. त्या दिवशी शेजारची हान्सिन्ये कॉफीला आली होती. बोलेट्टेच्या घरी काहीही चाललं असलं तरी हान्सिन्ये कॉफीला असतेच. रेगीने यादी वाचून दाखवू लागली.

"लोकरीचे आतले कपडे, दोन जोड."

"आहेत."

"पाणी न शिरणारी विजार. काळा चष्मा. समुद्र लागू नये म्हणून गोळ्या."

"समुद्र लागतो म्हणजे?" हान्सिन्येनं विचारलं.

"ओकारी येते, मावशी."

"आणि त्यासाठी पैसे भरून येतात?"

"पोहायचे कपडे," रेगीने पुढं वाचत होती. "जहाजावर गरम पाण्याचा हौद आहे."

"आपल्यात पोहता कुणाला येतं?" बोलेट्टे म्हणाली.

"मग बुडायला बांधला असेल," हान्सिन्ये म्हणाली, आणि तिघी इतक्या हसल्या की कॉफी सांडली.

शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत होतं की एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर माती, बी, झाडपाला नेऊ नये. बूट, खिसे, पिशव्या साफ करून आणाव्यात. त्या बियांमुळे तिथं नको ते रुजतं.

"बी?" बोलेट्टे म्हणाली. "आपल्याकडे पेरतंय कोण?"

खरंच होतं ते. त्या गावात कुणी कधी काही पेरलं नव्हतं. बटाटासुद्धा जहाजातून येतो. बी म्हणजे दुकानातल्या पाकिटावरचं चित्र. तरी बोलेट्टेला एक शंका आली. आईच्या दगडांवर ठेवायला तिनं दुकानातून फुलं आणली होती, लाल आणि पिवळी, प्लास्टिकची, जशी इथल्या सगळ्या कबरींवर असतात.

"आई, फुलं चालतील का गं?"

"प्लास्टिकला कुठं बी येतं, पोरी?"

"तरी विचार. नंतर कटकट नको."

रेगीनेनं जहाजाच्या कचेरीत विचारलं. उत्तर आलं की फुलं न्या, पण परत घेऊन या, तिथं ठेवू नका. बोलेट्टेला राग आला, मग तो तिनं गिळला. "दाखवून परत आणीन," ती म्हणाली. अर्जावर प्रश्न होता, सामानात झाडपाला किंवा बी आहे का? रेगीनेनं वाचलं, बोलेट्टेनं 'नाही' म्हटलं, खूण केली, खाली सही केली. तिची सही मोठी आणि ठाशीव होती.

मग आठ दिवस सामान भरणं चाललं. नवऱ्याची जुनी कॅनव्हासची पिशवी धुऊन वाळवली. कपडे, सुयांची डबी, वाळवलेली मासळी, प्रार्थनेचं पुस्तक, फुलं. भरायची, काढायची, पुन्हा भरायची. पाहुण्यांना काय सांगायचं ते ती भांडी घासता घासता पाठ करायची: दुकान इथं, पाणी आणायची वाट ही, सील फाडायचा दगड तो. निघायच्या सकाळी तिनं आढ्याला टांगलेल्या गवताच्या जुडीतलं मूठभर गवत काढलं, हातावर चोळलं आणि बुटाच्या तळव्यात, बाहेरचं कातडं आणि आतला मोजा यांच्यामध्ये, नीट पसरलं. ते घाम पितं आणि पाय उबदार ठेवतं. शरदात घरामागं कापलेलं गवत, तिच्या आईनं घातलेलं, आईच्या आईनं घातलेलं. त्याला गवत असं वेगळं कुणी म्हणत नव्हतं. टाच जशी बुटाची, तसं तेही बुटाचं.

बंदराजवळच्या सभाघरात लांब टेबलं मांडली होती. पाहुणे आदल्या दिवशी विमानानं आले होते. त्यांचे नवे कोरे बूट टेबलांवर उलटे ठेवले होते आणि लाल कोट घातलेली जहाजाची पोरं तळातल्या खाचा टोचणीनं साफ करत होती, खिशांतून यंत्राची नळी फिरवत होती. एका पांढऱ्या केसांच्या पाहुण्याच्या खिशातून एक वाळकं पान निघालं. तो लाजला. सगळे हसले. पान पिशवीत गेलं. जहाजाच्या पोरांचा प्रमुख टॉर्बेन म्हणून एक उंच, मऊ बोलणारा डॅनिश माणूस होता, तोही हसला.

बोलेट्टेची पाळी रेगीनेच्या टेबलावर आली.

"आई, लाल रंगात शिजवलेल्या कोळंबीसारखी दिसतेस."

"पोरी, हळू," रेगीने ओठांतल्या ओठांत म्हणाली. "इथं आई नको म्हणूस. हसतात लोक."

बोलेट्टेनं गाठ सोडली. पिशवी उघडून दिली. कपडे पास झाले, मासळी जहाजावरच खायची या अटीवर पास झाली, फुलांचं तर पत्रच होतं. मग तिनं वाकून उजवा बूट काढला आणि टेबलावर ठेवला, सरळ, टाके दिसतील असा. दोन-तीन पाहुण्या बायका जवळ आल्या. एकीनं फोटो काढला.

रेगीनेनं आत हात घातला. खडे आहेत का चाचपावं म्हणून आतला मोजा बाहेर ओढला, आणि त्याच्याबरोबर गवत टेबलावर सांडलं. पिवळंधमक, चांगलं वाळलेलं. काही काड्यांना अजून तुरे होते.

दोघी त्या गवताकडे बघत राहिल्या.

"पोरी, हे गवत आहे," रेगीने म्हणाली.

"बुटातलं आहे ते."

"बुटातलं गवत आहे."

लहानपणी रेगीनेच्या बुटांतही ते असायचं. तिनं ते शंभर वेळा काढून वाळत घातलं होतं. ती तशीच उभी राहिली, हात गवतावर ठेवून. टॉर्बेन तीन टेबलं पलीकडे पाठमोरा होता. हात थोडा वळला असता तर गवत पुन्हा बुटात गेलं असतं. बोलेट्टेनं भुवया वर केल्या. इकडे त्याचा अर्थ हो, चालव.

रेगीनेनं समोरच्या अर्जाकडे पाहिलं. मग ती ताठ झाली आणि तिनं हाक मारली, "टॉर्बेन!"

तो आला. त्यानं गवत पाहिलं, बूट पाहिला. बूट फार सुंदर आहे असं म्हणाला, आणि ते त्याला खरंच वाटत होतं. मग अर्ज पाहिला. "बाई, इथं तुम्ही 'नाही' लिहिलंय."

रेगीने ते आपल्या भाषेत सांगू लागली तेव्हा बोलेट्टेनं तिला थांबवलं. "मला त्याची भाषा कळते. त्याला सांग, मी खोटं लिहीत नाही."

"तसं नाही म्हणत तो."

"तसंच म्हणतोय. गोड बोलतोय, एवढंच."

टॉर्बेननं तुरा चिमटीत धरून दाखवला. गवत काढून टाकता येईल. पण बारीक बी मोज्याच्या केसांत आणि शिवणीत शिरलंय, ते यंत्रानं निघत नाही. बूट औषधाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवावे लागतील, नाहीतर इथंच ठेवावे लागतील. जहाजावर उसने रबरी बूट आहेत.

"त्याला सांग, सिओरालिकला हेच गवत उगवतं. घराघरामागं होतं. मी तिथं जन्मले."

टॉर्बेननं मान हलवली. "असेल. पण तसं लिहिलेलं माझ्याकडे काही नाही."

"मी सांगतेय ना."

"बाई, मला वाईट वाटतं. पण नियम सगळ्यांना एकच. आम्ही तिथली जमीन जपतोय."

बोलेट्टेनं टेबलाखालच्या निळ्या टबाकडे पाहिलं. त्याचा उग्र वास नाकात गेला. ते पाणी कातड्यातलं तेल खाईल. वाळल्यावर बूट फळकुटासारखा होईल, पाय टाकला की शिवण उसवेल. हे टॉर्बेनला माहीत नव्हतं. बोलेट्टेला माहीत होतं आणि रेगीनेलाही.

उसने रबरी बूट आणले. सगळ्यात लहान जोडातही तिचा पाय आत तरंगत होता. एक पाऊल टाकलं आणि टाच निघून वर आली. फोटो काढणारी पाहुणी मायेनं हसली.

"पोरी, ऐक ना," रेगीने आता खाली वाकून बोलत होती, आणि लोक हसतील याची तिला पर्वा राहिली नव्हती. "दुकानात लहान मुलांचे रबरी बूट आहेत. दहा मिनिटांत आणते. बुटांचं काय एवढं? तिथं उभं राहायचंय ना तुला?"

"मुलांचे रबरी बूट घालून? पाच महिने शिवले ते इथं ठेवून?"

"मग मी काय करू? मी हाक मारली नसती आणि जहाजावर कुणी पाहिलं असतं, तर माझी नोकरी गेली असती."

"गेली असती," बोलेट्टे म्हणाली.

"पोरी..."

"बरं, रेगीने."

बावीस वर्षांत त्या तोंडून हे नाव रेगीनेनं कधी ऐकलं नव्हतं. थोबाडीत बसावी तसा तिचा चेहरा झाला. आजूबाजूच्या पाहुण्यांना काही कळलं नाही. त्यांनी एका आजीनं नातीला नावानं हाक मारलेली ऐकली.

बोलेट्टेनं गवत एकेक काडी करून गोळा केलं. मागं रांग लागली होती, ती लागू दिली. तळव्यात पसरलं, मोजा बसवला, बूट चढवला, बंद बांधले. पिशवी उचलली आणि चढ चढून घरी गेली. दुपारी जहाजानं भोंगा दिला. ती खिडकीशी आली नाही.

पाच दिवसांनी जहाज परतलं आणि रेगीने वर आली. बोलेट्टे मासे तळत होती.

"मी वर गेले होते, चढावर," रेगीने उंबऱ्यातूनच म्हणाली. "सगळ्यात शेवटची रास. दगड जागेवर आहेत. तू पाठ केलेलं सगळं सांगितलं मी पाहुण्यांना. दुकान, पाण्याची वाट, तो दगड. त्यांनी टाळ्या वाजवल्या."

"कबरीपाशी?"

"खाली. किनाऱ्यावर." तिनं फोन पुढं केला. "बघ तरी."

"हात तेलाचे आहेत."

"मी धरते."

"मला जायचं होतं," बोलेट्टे म्हणाली. "बघायला मिळावं म्हणून नव्हे. आईनं मला बघावं म्हणून जायचं होतं."

रेगीनेनं फोन खिशात टाकला. "मग मी कोण?" तिनं विचारलं. "मी बघितले की तुझे बूट. मार्चपासून बघतेय. मला कळत नाहीत का टाके? पोरी, इतके चांगले टाके मी..."

"ओट्टोची मुलगी तू. बस. खाऊन जा."

तिनं मासा वाढला. चांगला मोठा तुकडा होता, पण पहिला नव्हता. पहिला तिनं आधीच स्वतःच्या ताटात घेतला होता. रेगीनेनं ते पाहिलं. ती तेवढं खाऊन गेली. पुढचे दोन उन्हाळे ती जहाजावरच राहिली आणि हिवाळ्यात दक्षिणेला शिकायला गेली. येते कधी कधी. दारात उभी राहून "आजी, आहेस का?" म्हणते, जशी जगातली कुठलीही नात म्हणेल.

गावात कुणाच्या हे लवकर लक्षात आलं नाही. लोक सवयीनं विचारत राहिले. एकदा समुद्रावर बर्फ धरल्यावर हान्सिन्ये कॉफीला बसली होती. तिचं वय झालंय, विसरते. तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "बोलेट्टे, बऱ्याच दिवसांत तुझी आई दिसली नाही गं. कुठंय?"

बोलेट्टे शिवायची शीर तोंडात धरून ओली करत होती. तिनं ती बाहेर काढली.

"सिओरालिकला," ती म्हणाली. "मला जाता आलं नाही."